आधी माळ्यावर चढा, खिडक्या मागाहून

दक्षिण फ्लोरिडात जुनं घर घेतलेलं मराठी कुटुंब भेटलं की हरिकेनच्या, म्हणजे चक्रीवादळाच्या, तयारीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही इम्पॅक्ट खिडक्या कुणाकडून करून घेतल्यात?" इम्पॅक्ट म्हणजे वादळातल्या माराला टिकणारी काच. मी उलट विचारते, "माळ्यावर चढून आलात का?" तिथे बहुतेकांचं बोलणं थांबतं. माळा म्हणजे एसीचा खोका आणि ख्रिसमसचं झाड ठेवायची जागा, एवढीच ओळख असते. आमचीही तेवढीच होती.

आम्ही २०१५ मध्ये ब्रॉवर्ड काउंटीत १९८६ सालचं घर घेतलं. काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंती, वर लाकडी ट्रस, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, त्यावर प्लायवूड आणि शिंगल्स, म्हणजे कौलांसारखे पातळ तुकडे. इकडची निम्मी घरं अशीच. वादळाच्या दृष्टीने अशा घराचं काय बघायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि कुठला कागद सांभाळायचा, ते आमच्या चुकांसकट लिहिते आहे.

सगळ्यात आधी घराचं साल बघा. विकणाऱ्याने सांगितलेलं नको, शहराच्या बिल्डिंग खात्यात मूळ परमिटचा अर्ज ज्या तारखेचा आहे ती तारीख. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू हे चक्रीवादळ होमस्टेडजवळ किनाऱ्यावर आलं आणि डेड काउंटीत (आजची मायामी-डेड) पंचवीस हजारांवर घरं जमीनदोस्त झाली. मोडलेली घरं तपासली तेव्हा लोकांनी हातात पिना धरून दाखवल्या. छपराचं प्लायवूड खिळ्यांऐवजी स्टेपलच्या पिनांनी ठोकलेलं होतं, आणि कितीतरी पिना खालच्या लाकडाला लागल्याच नव्हत्या, नुसत्या हवेत लोंबत होत्या. त्यानंतर इथले नियम बदलले. दक्षिण फ्लोरिडाची सुधारित संहिता १ सप्टेंबर १९९४ पासून लागू झाली आणि १ मार्च २००२ पासून सबंध राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड आला. त्यातही मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांचं प्रकरण वेगळं ठेवलंय, त्यांना 'अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा' म्हणतात. ब्रॉवर्डमध्ये साधं राहतं घर ताशी १७० मैल वाऱ्याच्या हिशेबाने बांधावं लागतं, मायामी-डेडमध्ये १७५. १७० मैल म्हणजे ताशी सुमारे २७४ किलोमीटर. तुमचा परमिट अर्ज सप्टेंबर १९९४ नंतरचा असेल तर पुढचं बरंचसं काम आधीच झालेलं असायला हवं. त्याआधीचा असेल तर टॉर्च काढा.

माळ्यावर कसं जायचं आणि काय बघायचं

जानेवारीत जा, सकाळी सातला. उन्हाळ्यात दुपारी वर पाय ठेवला तर दहा मिनिटांत चक्कर येते. पाय फक्त ट्रसच्या लाकडावर द्यायचा. मधे कापसासारखं इन्सुलेशन दिसतं, त्याच्या खाली नुसतं जिप्समचं छत असतं. माझ्या नवऱ्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत थेट देवघरात उतरला होता. गणपतीच्या डोक्यावर पांढरी पूड पडली आणि सासूबाईंनी त्याला आठवडाभर ऐकवलं.

छपराच्या उताराच्या टोकाशी, जिथे ट्रस भिंतीवर टेकतो, तिथपर्यंत रांगत जायचं. हीच जागा घराची नाडी. भिंतीतून एक जस्ती पट्टी वर आलेली दिसली पाहिजे. ती कशी आहे ते नीट बघा. पट्टीच नसेल आणि ट्रस तिरक्या मारलेल्या खिळ्यांवर उभा असेल, तर विम्याच्या तपासणीत ती सगळ्यात खालची पायरी. पट्टी ट्रसच्या एका बाजूला खिळली असेल तर 'क्लिप'. ट्रसच्या डोक्यावरून पलीकडे वळवून दोन्ही बाजूंनी खिळली असेल तर 'रॅप', आणि दोन पट्ट्या दोन्हीकडून तशा असतील तर 'डबल रॅप'.

आमच्याकडे पट्ट्या होत्या. मला हायसं वाटलं. मग तपासनीस आला, आडवा झाला, टॉर्च मारली आणि म्हणाला, "दोनच खिळे आहेत." पट्टीला चार भोकं, खिळे दोन. नियम म्हणतो किमान तीन. शिवाय पट्टी आणि लाकूड यांत अर्ध्या इंचापेक्षा कमी फट हवी आणि पट्टी गंजून गेलेली नको. तिसरा खिळा नाही म्हणून कागदावर आमचं घर तिरक्या खिळ्यांच्याच रांगेत बसलं. यात सरासरी धरत नाहीत. तीस ट्रस उत्तम आणि दोन ढिले असतील तर सबंध घर त्या दोघांच्या पायरीवर उतरतं.

हे मी फोनवर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं. ते श्रीवर्धनकडचे, आयुष्यभर घरं बांधून घेतलेला माणूस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिथेच आलं आणि आमच्या पडवीचे पत्रे शेजारच्या वाडीत सुपारीवर जाऊन अडकले. अण्णा म्हणाले, "वारा पत्रा ढकलत नाही गो, उचलतो. वासा भिंतीवर ठेवलेला असतो आपल्याकडे, बांधलेला नसतो. तुमचा बांधलाय ना? मग खिळे का मोजता कंजुषासारखे?" बरोबर आहे. कौलाचं घर स्वतःच्या वजनावर बसतं आणि आपण त्यालाच मजबुती समजतो. वादळाच्या वाऱ्याला वजनापेक्षा गाठ कळते: छप्पर ट्रसला, ट्रस भिंतीला, भिंत पायाला. या साखळीतली कुठलीही कडी सुटली की बाकीच्या कड्यांवर केलेला खर्च फुकट.

त्याच फेरीत मान वर करून प्लायवूडच्या खालच्या बाजूला बघा. ट्रसच्या शेजारी खिळ्यांची टोकं चमकताना दिसली तर ते खिळे लाकूड चुकून खाली आलेले आहेत, त्यांचा उपयोग शून्य. खिळ्यांमधलं अंतर चुंबकाने शोधता येतं. आणि या अंतरातच सगळ्यात स्वस्त ताकद लपलेली आहे. विमा कंपन्या जो तपासणीचा फॉर्म वापरतात त्यात छपराच्या फळीच्या, म्हणजे या प्लायवूडच्या, तीन पायऱ्या आहेत. पिना किंवा बारीक खिळे असतील तर दर चौरस फुटाला ५५ पौंडांची उचल सोसेल असं धरतात. त्याहून मोठे, ८ डी मापाचे खिळे मधल्या भागात बारा-बारा इंचांवर असतील तर १०३ पौंड. तेच खिळे सहा-सहा इंचांवर मारले की १८२. फळी तीच, ट्रस तेच, फरक दोन पेट्या खिळ्यांचा.

छप्पर बदलताना

हे सगळं दुरुस्त करायची खरी वेळ म्हणजे शिंगल्स बदलायची वेळ, कारण तेव्हा फळी उघडी पडते. आमची २०१९ मध्ये आली. इथे नियमही तुमच्या बाजूने आहे: छप्पर बदललं की कुजलेली फळी काढून, उरलेली आजच्या कोडप्रमाणे पुन्हा खिळावी लागते. आपल्या दोन काउंट्यांमध्ये काम सुरू होण्याआधी घरमालकाला एक फॉर्म देतात आणि प्रत्येक कलमापुढे आद्याक्षरं घालायला लावतात. त्यात 'लाकडी फळी पुन्हा खिळणे' असं कलम असतं. लोक न वाचता भराभरा सह्या करतात. तेवढं एक कलम वाचा आणि कंत्राटदाराला विचारा, कुठला खिळा, किती अंतरावर. उत्तर 'रिंग शँक' यायला हवं, म्हणजे अंगावर कंगोरे असलेला खिळा. तो ओढून निघत नाही.

दुसरा नियम फारसा कुणाला माहीत नसतो. घर नव्या कोडच्या आधीचं असेल आणि त्याचा विमा तीन लाख डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल, तर छप्पर बदलताना ट्रस आणि भिंतीचा जोडही सुधारावा लागतो. त्यावर छपराच्या खर्चाच्या पंधरा टक्क्यांपर्यंतच खर्च करायची सक्ती आहे. कंत्राटदार हे आपणहून सांगेलच असं नाही, कारण वळचणीत वाकून पट्ट्या बसवणं हे किचकट काम. आम्ही खालच्या ओळीचं प्लायवूड काढून घेतलं. वरून हात सहज पोचला आणि प्रत्येक पट्टीला उरलेल्या दोन्ही भोकांत खिळे बसले. एक सकाळ लागली.

तिसरी गोष्ट पाण्याची. शिंगल्स उडाल्या तरी फळीच्या सांध्यांतून पाणी आत येऊ नये म्हणून खाली चिकटपट्टीसारखा डांबरी थर लावतात, त्याला इकडे 'पील अँड स्टिक' म्हणतात. तो थेट फळीवर चिकटवला तरच फॉर्ममध्ये धरतात. आधी साधा कागद खिळून मग त्यावर हा थर लावला तर गुण मिळत नाहीत. म्हणून करारातच 'थेट फळीवर' असे शब्द लिहून घ्या.

आणि फोटो काढा. हे मी जितकं सांगेन तितकं कमीच आहे. खिळ्यांच्या रांगेशेजारी टेप धरून आकडे वाचता येतील असा फोटो, पट्टीच्या चारही खिळ्यांचा फोटो, डांबरी थराच्या कडेचा फोटो. संध्याकाळी शिंगल्स चढल्या की यातलं काहीही पुन्हा दिसत नाही.

अर्धवट दुरुस्ती करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बारा महिन्यांत छपराचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग दुरुस्त केलात आणि छप्पर जुन्या नियमांचं असेल, तर सगळंच आजच्या नियमाला आणावं लागतं. २०२२ च्या कायद्याने २००७ च्या किंवा नंतरच्या कोडप्रमाणे झालेल्या छपरांना यातून सूट दिली आहे.

छपराच्या आकाराबद्दल करण्यासारखं फार नाही. चौपाखी छपरावर वारा घसरतो, दुपाखीच्या उभ्या त्रिकोणावर तो छाती देऊन धडकतो, म्हणून चौपाखीला विम्यात सवलत. घराच्या एकूण परिघाच्या दहा टक्क्यांपर्यंत दुपाखी चालतं. आमचा परीघ १९० फूट, म्हणजे मुभा एकोणीस फुटांची. गॅरेजवरचा त्रिकोण वीस फुटांचा. सवलत गेली. त्या त्रिकोणाला आतून आडव्या-तिरक्या लाकडांचा आधार देऊन घेतला, इतकंच.

गॅरेजचं दार

सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ आलं त्या रात्री आम्ही पाच जण आतल्या बोळात गाद्या टाकून बसलो होतो. मला आवाज आला म्हणून गॅरेजमध्ये डोकावले. सोळा फुटी पत्र्याचं दार भात्यासारखं आत-बाहेर होत होतं. प्रत्येक झोताला मधोमध वीतभर आत येई, मग चाकं रुळात कण्हत परत बाहेर. वादळाचं केंद्र राज्याच्या पलीकडच्या, पश्चिमेच्या किनाऱ्यावर होतं, तरी ही अवस्था.

गॅरेजचं दार हे घराचं सगळ्यात मोठं भोक. ते फुटलं की वारा आत कोंडतो आणि छपराला खालून वर ढकलतो, आणि त्याच वेळी बाहेरचा वारा वरून खेचत असतो. दोन्हीची बेरीज त्या पट्ट्यांवर येते. म्हणून खिडक्यांच्या आधी मी दार म्हणते. दारावर आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर मंजुरीचा क्रमांक आणि दाबाचा आकडा, अधिक आणि वजा दोन्ही चिन्हांत, नसेल तर दार जुनं आहे असं समजा.

आमचं दार २०१८ मध्ये बदललं आणि इथे आमची फसगत झाली. बसवणाऱ्याने परमिट काढलं, दार बसवलं, पैसे घेतले आणि शेवटची तपासणी बोलावलीच नाही. परमिट मुदत संपून लटकत राहिलं. चार वर्षांनी खिडक्यांचा अर्ज केला तेव्हा कळलं. मग नव्याने फी, नव्याने तपासणी. तेव्हापासून माझा नियम: शहराच्या संकेतस्थळावर परमिटपुढे 'बंद' किंवा 'फायनल' दिसेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही.

आता खिडक्या

'इम्पॅक्ट' काच फुटत नाही असा लोकांचा समज आहे. फुटते. गाडीच्या पुढच्या काचेसारखी ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते. तडे जातात, पण चौकटीतून सुटत नाही. परीक्षाही तशीच घेतात: नऊ पौंडांचा, म्हणजे चार किलोंचा लाकडी वासा तोफेतून सेकंदाला पन्नास फूट वेगाने काचेवर मारतात, मधोमध आणि कोपऱ्यात. मग त्याच तडकलेल्या खिडकीला दाबाचे ९००० हिसके देतात. त्यानंतरही भोक झाकलेलं राहिलं तरच उत्तीर्ण. मायामी-डेड काउंटीचा मंजुरीचा कागद, ज्याला सगळे 'एनओए' म्हणतात, त्यात हे सारं असतं. ब्रॉवर्डमध्येही तो चालतो. राज्याची मंजुरीही चालते, फक्त ती आपल्या पट्ट्यासाठी असल्याचं त्यात लिहिलेलं हवं.

त्या कागदातली जाहिरातीची पानं सोडा, स्क्रूचं चित्र बघा. किती इंचांवर स्क्रू, किती लांबीचा, काँक्रीटमध्ये किती आत गेला पाहिजे. ब्लॉक आणि खिडकी यांच्यामध्ये लाकडी पट्टी असते. स्क्रू नुसता त्या पट्टीत अडकला तर खिडकी कितीही भारी असो, चौकटीसकट बाहेर येईल. तपासनीस हेच मोजतो. काचेवरचा स्टिकर शेवटच्या तपासणीपर्यंत काढू नका. कामवाल्या बाईंनी आमचे तीन घासून काढले आणि तपासणी पुढच्या आठवड्यावर गेली.

आता आमची स्वतःची चूक. घराला दारं-खिडक्या मिळून एकूण चौदा भोकं, आम्ही तेरा केली. मुख्य दाराशेजारी एक हातभर उंचीची नक्षीची काच होती, ती आवडती म्हणून ठेवली. फॉर्ममध्ये नियम ट्रससारखाच: सगळ्यात कमकुवत भोक जे असेल ते सबंध घराचं. त्या एका काचेपायी तेरा खिडक्यांची सवलत अडली. शेवटी तिच्यावर मंजूर शटर बसवलं. स्कायलाइट असेल तर तोही मोजतात.

खिडक्यांचे पैसे नसतील तर शटर्स तितकीच मान्य आहेत. अॅकॉर्डियन शटर ओढायला सोपं. सुट्या अॅल्युमिनियमच्या पाट्या सगळ्यात स्वस्त, पण लावायला दिवस जातो. इर्माच्या आधी मी हौसेने प्रत्येक पाटीवर मराठीत 'स्वयंपाकघर ३', 'देवघर १' असं लिहून ठेवलं होतं. मदतीला आलेला शेजारी क्यूबाचा. तो बिचारा एकेक पाटी उचलून मला दाखवायचा आणि मी शिडीवरून ओरडायची. अंक तरी इंग्रजी लिहा. काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याला काही अर्थ नाही, तो वेळ पाणी भरण्यात घालवा. आणि सगळं बंद करताना एक दार असं ठेवा जे आतून, किल्लीशिवाय, अंधारात उघडेल.

कागद आणि पैसे

कराराची रक्कम पाच हजार डॉलरांवर गेली की पहिल्या तपासणीच्या आधी 'नोटिस ऑफ कमेन्समेंट', म्हणजे काम सुरू होत असल्याची सूचना, काउंटीकडे नोंदवावी लागते. कंत्राटदाराने दुकानदाराचे पैसे बुडवले तर तो दुकानदार तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. म्हणून प्रत्येक हप्त्याला बोजामुक्तीची पावती घ्या. सोसायटी, म्हणजे एचओए, आडवी आली तर २०२४ चा कायदा दाखवा: रंग आणि धाटणी ती ठरवू शकते, तिच्या नियमात बसणाऱ्या वादळ-संरक्षणाला नाही म्हणू शकत नाही.

राज्याची 'माय सेफ फ्लोरिडा होम' योजना घराची तपासणी फुकट करते आणि पात्र असाल तर तुमच्या एका डॉलरमागे दोन, असे दहा हजारांपर्यंत देते. निधी असेल तेव्हा ती उघडी असते, संपला की बंद. क्रम मात्र चुकवू नका: आधी त्यांची तपासणी, मग मंजुरी, मग काम. आधी काम करून मागाहून बिल दिलं तर एक पैसा मिळत नाही.

सगळं झाल्यावर 'विंड मिटिगेशन', म्हणजे घर वाऱ्याला किती टिकेल याची, तपासणी करून घ्या. फॉर्मचं नाव ओआयआर-बी१-१८०२, प्रश्न सात: कोडचं साल, शिंगल्स, फळी, भिंतीचा जोड, आकार, डांबरी थर, भोकं. तुमच्या लक्षात आलं असेल, खिडक्यांचा प्रश्न सातवा आहे. फॉर्म विमा कंपनीला पाठवला की प्रीमियममधली सवलत द्यावीच लागते. हरिकेनचा डिडक्टिबल वेगळा असतो, तो टक्क्यांत. चार लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे आठ हजार तुमच्या खिशातून. पुराचा विमा यात धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो.

फॉर्म पाच वर्षं चालतो. आमचा २०२२ चा आहे, २०२७ मध्ये पुन्हा माणूस बोलवायचा. त्याआधी जानेवारीतल्या एखाद्या सकाळी मीच वर जाऊन पट्ट्यांवर कुठे गंज धरलाय का ते बघून येणार आहे. नवरा खाली शिडी धरेल.